पहिल्या खाचेतलं काडतूस

१

लेलंड ब्रेक्के शनिवारी सकाळी पहिल्याच गोळीला मेला. दुसरी उडवायची वेळच आली नाही.

मी नेमबाजीच्या मैदानावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि क्लबची माणसं आपापल्या ट्रकला टेकून उभी होती. कुणी बोलत नव्हतं. एरवी ही मंडळी गव्हाच्या भावापासून पास्टरच्या बायकोपर्यंत कुणाला सोडत नाहीत. मैलभर लांब उभी केलेली पोलादी पाटी उन्हात चमकत होती. तिच्यावर एकही डाग पडला नव्हता.

मी या काउंटीचा कोरोनर, एमेट स्कार. कुणी अवेळी गेलं की ते कशानं गेलं हे कागदावर मी लिहितो. लोक मला दर खेपेला निवडून देतात, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही. पोटापाण्यासाठी मी अंत्यविधीचं दुकान चालवतो, त्यामुळे एकाच माणसाशी माझा दोनदा संबंध येतो. आणि गावातल्या निम्म्या पुरुषांसारखा मीही बंदुकीची पावडर आणून घरीच काडतुसं भरतो. आमच्या भागात विकतची काडतुसं वापरणं म्हणजे चर्चच्या जेवणाला दुकानातला केक नेण्यासारखं आहे. चालतं, पण लोक बघतात.

लेलंड या सगळ्यांचा गुरू होता. त्याची ती रायफल म्हणजे खांद्यावर घ्यायची तोफच. तिचं एकेक काडतूस पंजाएवढं लांब. ती रायफल आता फुटून, दोन तुकडे होऊन टेबलावर पडली होती. लेलंडवर कुणीतरी ब्लँकेट टाकलं होतं. ते उचलून मी बघायचं तेवढं बघितलं आणि परत ठेवलं.

डेल स्टॉफर शेजारी जमिनीवर बसला होता. डेल आमचा बंदूक बनवणारा. दोन हिवाळे खपून त्यानं लेथवर ही रायफल घडवली होती, आपल्या सगळ्यात जुन्या मित्रासाठी. लेलंडची टोपी त्याच्या मांडीवर होती.

"डेल, ऊठ," मी म्हटलं. "गार आहे जमीन."

"तो ओरडलासुद्धा नाही रे."

"ऊठ म्हणतो ना."

"माझंच पोलाद, एमेट. माझ्याच हातचं. मी मारलं त्याला."

शेरीफ क्वेड मागे उभा होता. हे वाक्य त्यानंही ऐकलं, आणि तो लगेच खिशातलं पेन शोधायला लागला.

२

क्वेडला बंदुकीतलं काही कळत नाही. तो फुटबॉलवाला माणूस. त्यानं लेलंडच्या खोक्यातली उरलेली काडतुसं राजधानीतल्या प्रयोगशाळेला पाठवली. तिथल्या माणसानं शेवटच्या रांगेतली काही उघडून बघितली आणि निरोप धाडला, की पावडर योग्य, वजन योग्य, एकातही खोट नाही.

"मग राहिलं काय?" क्वेड मला म्हणाला. "रायफल! आणि रायफल कुणी बनवली? उगाच डोकं लढवू नकोस, एमेट. सरकारी वकील सोमवारी कागद घालतोय. सदोष मनुष्यवध."

"डेल काय म्हणतो?"

"काय म्हणणार? कबूलच करतोय. काल इथं आला नि घरातल्या सगळ्या बंदुका माझ्या ताब्यात देऊन गेला. म्हणाला, माझ्याजवळ नकोत."

माणूस आपल्या बंदुका स्वतःहून दुसऱ्याकडे कधी नेऊन देतो हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. बंदुका दिल्या तरी डेलच्या गोठ्यात दोर होता, गावाबाहेर नदी होती. त्याला बायको नाही, मूल नाही. होता तो लेलंड. रायफल फुटायचं खरं कारण सापडलं नाही तर डेल सोमवारपर्यंत टिकत नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

"ते तुकडे बघू दे मला," मी क्वेडला म्हटलं.

"बघ. पण चोरू नकोस."

मी खिडकीपाशी तुकडे घेऊन बसलो. पोलाद बघायच्या आधी मी पितळ बघितलं. काडतुसाची पुंगळी पितळेची असते आणि आत काय झालं ते तिच्यावर उमटतं. पोलाद कच्चं असतं तर ते नेहमीच्या दाबालाच तडकलं असतं आणि पुंगळी नेहमीसारखी दिसली असती. ही पुंगळी नेहमीसारखी नव्हती. तिचं बूड लोण्यासारखं पसरून बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या खिट्टीच्या, तोंडाला चिकटलं होतं. असला दाब डेलच्याच काय, कुणाच्याही रायफलीनं सोसला नसता.

लेलंड वापरायचा ती फौजेची उरलेली पावडर. मोठ्या गोळ्यांसाठीची, अगदी मंद जळणारी. लष्कराला नको झालेली, म्हणून पिंपानं स्वस्तात मिळते. पुंगळी काठोकाठ भरली तरी ती एवढा दाब करत नाही. नळीत काही अडकलं होतं म्हणावं, तर नळी कुठे फुगलेली नव्हती. म्हणजे त्या पुंगळीत दुसरीच पावडर होती, फटकन जळणारी.

खोक्यातली बाकीची काडतुसं निर्दोष. वाईट एकच, आणि लेलंडनं नेमकं तेच आधी उचललं होतं.

३

लेलंडशी वाकडं असलेला माणूस गावात एकच होता, रॉस्को टिमल. दोघांनी मिळून पावडरीचं पिंप आणलं, अर्धं अर्धं वाटून घेतलं आणि उन्हाळ्यातल्या स्पर्धेत एका गोळीवरून भांडले. गोळी पाटीच्या कडेला लागली की नाही, एवढाच तो वाद. तेव्हापासून अबोला.

रॉस्को आपल्या शेडमध्ये कापणीयंत्राखाली पडला होता. मला बघून तो बाहेर आला नाही.

"अटक करायला आलास की शवपेटी विकायला?"

"तुला काय परवडेल ते सांग."

"तुझ्या पेट्या? त्यापेक्षा अटक बरी." तो सरपटत बाहेर आला, सूर्यफुलाच्या बियांची पिशवी काढली आणि चघळायला लागला. "विचार. सगळं गाव मनात विचारतंय, तू तोंडानं विचार."

"पिंपातली पावडर खराब होती का?"

"त्याच सकाळी, त्याच पिंपातली, अर्धं खोकं उडवलं मी. माझी दहाही बोटं जागेवर आहेत. मोज."

"तुम्ही बोलत नव्हतात."

"नव्हतोच. पण त्याच्या शेजारच्या टेबलावर मी होतो. दर शनिवारी मीच असायचो. न बोलता एखाद्याच्या शेजारी उभं राहायला जास्त दोस्ती लागते, कळलं?" एवढं बोलून त्यानं मान फिरवली.

मी मग विचारलं, "लेलंड पहिलं काडतूस कुठलं घ्यायचा?"

"खोक्याच्या पहिल्या खाचेतलं. तुला माहीत नाही? भरलेलं पहिलं काडतूस पहिल्या खाचेत, दुसरं दुसऱ्या खाचेत. भरताना ज्या क्रमानं, उडवतानाही त्याच. साफ केलेल्या नळीतून पहिली गोळी कधी सरळ जाते का? ती नळी मळवायची गोळी. आणि भरताना पहिल्या काडतुसाला हात बसलेला नसतो. म्हणून तेच तिथं खर्च करायचं. त्यानंच शिकवलं ना सगळ्यांना!"

"म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"क्लबला. डेलला. मला. तुला." रॉस्को एकदम थांबला. बिया थुंकून तो उभा राहिला. "एमेट, त्या खाचेत कुणी दुसरं काडतूस ठेवलं असं म्हणायचंय तुला?"

मला तेच म्हणायचं होतं. खोकं शुक्रवारी रात्रीपासून लेलंडच्या ट्रकमध्ये होतं, आणि आमच्या गावात ट्रकला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. ज्यानं कुणी हे केलं त्याला लेलंडची सवय माहीत होती. म्हणजे तो आमच्यातलाच.

"तसं असेल तर मला नाव सांग," रॉस्को म्हणाला. "शेरीफला नंतर सांग."

४

लेलंडच्या बायकोनं, आर्डिस ब्रेक्केनं, मला कॉफी दिली आणि समोर बसली. टेबलावर शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या जेवणाच्या ताटल्या झाकून ठेवल्या होत्या. दोन बायकांच्या घरात एवढं कोण खाणार होतं?

"तळघरात, त्याच्या काडतुसांच्या खोलीत जायचंय ना? जा. मला त्या खोलीत कायम मज्जाव होता. मी बडबड करते म्हणे." तिचा आवाज नेहमीसारखाच तिखट होता, पण हात कपाभोवती घट्ट धरलेले. "एके काळी कोरीन जायची त्याच्याबरोबर. तासन्‌तास बसायची दोघं. ती यंत्राचा दांडा ओढायची, डबे फळीवर लावायची, बाकीचं हा करायचा. मग ती पळून गेली त्या माणसाबरोबर आणि हा एकटाच बसायला लागला."

कोरीन त्यांची एकुलती मुलगी. कैक वर्षं तिचं पत्र नाही की फोन नाही. या ऑगस्टमध्ये एक बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"लेलंडनं तिला एका मिनिटात माफ केलं," आर्डिस म्हणाली. "त्याला नाक पुसायलाही तेवढा वेळ लागायचा. मला नाही जमत असं. महिनाभर मी फक्त मीठ दे, भांडी ठेव एवढंच बोलले तिच्याशी. पण हा गेल्यापासून ती रात्री माझ्याजवळ झोपते, एमेट. माझा हात धरून. जमेल असं वाटतंय आता."

मी तळघरात गेलो. लेलंडचं टेबल ऑपरेशनच्या टेबलासारखं लख्ख. त्यावर एकच डबा, पिंपातल्या मंद पावडरीचा. एका वेळी टेबलावर एकच पावडर, हा त्याचा कायदा. डबा असेल तीच पावडर यंत्रात, डबा नसेल तर यंत्र रिकामं. शेजारी मापाचं यंत्र होतं. वर पितळेचं उभं नळकांडं, खाली दांडा. नळकांड्यात वरून पावडर ओतायची, दांडा ओढला की खालून मापानं पडते. आतलं बाहेरून दिसत नाही. आता ते रिकामं होतं. मागच्या फळीवर हरणाच्या रायफलीसाठीची पावडर, तीही फौजेची उरलेली, पण फटकन जळणारी. मी दोन्ही पावडरी तळहातावर घेऊन बघितल्या. दोन्ही काळपट खसखशीसारख्या. भिंग नसतं तर मीही फसलो असतो.

टेबलाच्या कोपऱ्यात नेलपॉलिशची बाटली दिसली, भडक नारिंगी. मी ती वर घेऊन आलो.

"ही तुझी?"

आर्डिस पहिल्यांदा हसली. "कायम माझ्याच बाटल्या पळवायचा. पुंगळीच्या बुडाशी ती ठिणगीची टोपी असते ना, तिच्याभोवती लावायचा, दमट लागू नये म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी वर आला, म्हणे लाल वाळून गेली. मी ही दिली. बहिणीनं पाठवलेली, मी कधी लावली नसती. म्हणाला, आर्डिस, ती पोलादी पाटीसुद्धा हसून पडेल."

"शुक्रवारी? नक्की? त्याआधी ही उघडली नव्हती?"

"माझ्यासमोर दातानं उघडली त्यानं."

माझ्या खिशात फुटलेल्या पुंगळीचं बूड होतं. क्वेडनं चोरू नकोस म्हटलं होतं, पण मी ते बोल्टवरून सोडवून उसनं घेतलं होतं. मी ते खिडकीशी धरलं. जळून काळ्या झालेल्या टोपीभोवतीच्या खोबणीत रंगाची एक बारीक रेघ उरली होती. ती नारिंगी होती.

म्हणजे ते काडतूस कुणी आणून ठेवलेलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी, याच टेबलावर, खुद्द लेलंडनंच ते भरलं होतं.

५

खुनी नाही याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लेलंडनं आपल्या हातानं दुसरी पावडर भरली हे मला पटेना. त्याच्या टेबलावर फक्त पिंपातल्या पावडरीचा डबा होता, त्यातूनच त्यानं ओतली. मग पहिल्या पुंगळीत ती दुसरी पडली कुठून?

दुसऱ्या दिवशी कोरीन माझ्या दुकानात आली. बापासारखीच उंच, बापासारखीच खांदे पाडून चालणारी. तिच्या हातात रंगीत कागदात गुंडाळलेली एक छोटी डबी होती.

"एमेट काका, हे बाबांच्या हाताशी ठेवाल का?"

मी हातात घेतली. वजनावरूनच कळलं. "कोरीन, शवपेटीत काडतुसं?"

"पुरणारच आहात ना? जाळणार असतात तर मागितलं नसतं." ती कसंबसं हसली. "त्यांच्या वाढदिवसासाठी केली होती. हरणाच्या रायफलीची. पुढच्या बुधवारी होता ना."

"तू भरलीस?"

"गुरुवारी. ते चर्चच्या कमिटीला गेले होते. चोरून खाली गेले. इतकी वर्षं हात लावला नव्हता, पण सगळं आठवत होतं हो. दांड्याचा तो आवाज, पावडरीचा वास. मला वाटलं, बुधवारी डबी उघडतील आणि आपल्या नेहमीच्या सुरात म्हणतील, हे कुणी भरलं, बरं भरलंय." तिनं डोळे पुसले. "शेवटचं भरत होते तेवढ्यात त्यांच्या ट्रकचा आवाज आला. असं भरभर आवरलं सगळं! डबा फळीवर, टेबल पुसलं, दिवा बंद. त्यांना पत्तासुद्धा लागला नाही."

मी एक प्रश्न विचारायला तोंड उघडलं. तो विचारला तर उत्तर तिलाही कळलं असतं. मी तोंड मिटलं.

"ठेवाल ना?" ती म्हणाली.

"ठेवतो," मी म्हटलं.

६

प्रयोगशाळेनं शेवटच्या रांगेतली काडतुसं उघडली होती. दुसऱ्या खाचेतलं कुणी उघडलंच नव्हतं. मी सही करून ते क्वेडकडून ताब्यात घेतलं, घरी नेऊन गोळी उपटली आणि पावडर पांढऱ्या कागदावर ओतली. भिंगाखाली जवळजवळ सगळे दाणे गोल होते. त्यांत चिमूटभर चपटे. फळीवरच्या, हरणाच्या पावडरीच्या डब्यातले.

तेवढ्यानं सगळं उलगडलं. गुरुवारी कोरीननं डबा जागेवर ठेवला, पण नळकांड्यात उरलेली पावडर तशीच राहिली. शुक्रवारी लेलंड आला. टेबलावर डबा नाही, म्हणजे यंत्र रिकामं. त्यानं वरून मंद पावडर ओतली आणि दांडा ओढला. खाली पडली ती आधीची. हरणाची चार-पाच काडतुसं भरली असती एवढी ती होती, पण एवढ्या मोठ्या पुंगळीनं ती जवळजवळ सगळी एकट्यानं पिऊन टाकली. चार दाणे मागे राहिले ते दुसऱ्यात गेले. वजनात फरक नाही, रूपात फरक नाही. पहिली भरलेली पहिल्या खाचेत गेली. पहिल्या खाचेतली पहिली उडाली.

मी डेलकडे गेलो. त्यानं दुकानातली हत्यारं पुसून, तेल लावून, कपड्यात गुंडाळून ठेवली होती, जशी दुसऱ्या कुणासाठी ठेवतात. मी त्याला पुंगळीचं बूड दाखवलं. त्यानं बघायचं नाकारलं. मी त्याची मानगूट धरून दाखवलं.

"बघ, गाढवा! हे तुझ्या पोलादाचं काम आहे?"

त्यानं बुडावरून अंगठा फिरवला. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडून झाल्यावर त्यानं विचारलं, "मग कशानं?"

"दुसरी पावडर. यंत्रात राहिलेली."

"लेलंड कधी ठेवायचा नाही."

"माणूस विसरतो."

"लेलंड?" डेलनं माझ्याकडे रोखून बघितलं. तो बावळट नव्हता, फक्त दुःखी होता. "एमेट, त्या घरात ते यंत्र चालवता येणारं दुसरं एकच..." तो खाली बसला. "देवा. पोरगी."

"तिला माहीत नाही."

"मग माझ्यावरच राहू दे. मला काय, म्हातारा आहे. कोर्टात मी पोलाद कच्चं होतं म्हणतो."

"आणि कोर्टानंतर? हे गुंडाळून ठेवलेलं कुणासाठी आहे ते सांग मला." तो ते गाठोडं बाजूला सारायला लागला. "तुलाही पुरणार नाही मी आणि तिलाही नाही. लेलंड स्वतःच विसरला, असंच सांगू. मेलेल्याला काही लागत नाही, डेल. मी रोज बघतो."

हे मी कितीतरी वेळा लोकांना धीर द्यायला म्हटलेलं आहे. त्या वेळी माझा त्याच्यावर विश्वासही होता.

७

पुरायच्या आदल्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना आर्डिसच्या स्वयंपाकघरात जमवलं. क्वेडला बोलावलं, कारण त्याच्या कानावर पडायलाच हवं होतं. रॉस्को दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. डेल कोपऱ्यात बसला होता. कोरीन आईच्या समोर. आर्डिसनं सवयीनं सगळ्यांसमोर कॉफी ठेवली आणि मधोमध लिंबाच्या वड्यांची ताटली.

मी पितळाचं सांगितलं, दुसऱ्या खाचेतल्या चपट्या दाण्यांचं सांगितलं. क्वेडची जांभई मध्येच थांबली. मग मी गुरुवार वगळून बाकी सगळं सांगितलं.

"लेलंडनं आधी कधीतरी हरणाची काडतुसं भरली असणार," मी म्हटलं. "आणि यंत्र रिकामं करायचं विसरला. वय झालं होतं. कुणाचाही दोष नाही. डेलचा तर नाहीच. तेच मी कागदावर लिहिणार आहे."

"म्हणजे वकिलाला कागद घालू नकोस म्हणून सांगू?" क्वेड म्हणाला. "चला, माझं टायपिंग वाचलं."

रॉस्को दारातून माझ्याकडे बघत होता आणि त्याला पटलेलं नव्हतं. पण तो गप्प राहिला, त्याचे मी मनात आभार मानले. डेलनं डोळे मिटले होते. मला वाटलं, निभावलं.

"खोटं आहे हे," कोरीन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी राहिली होती, गाल लाल झाले होते.

"बाबा विसरले? एमेट काका, तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता ना? सगळ्या गावाला ज्यांनी शिकवलं, त्यांच्या नावावर हे लिहिणार तुम्ही? उद्या ते मातीत जाणार आणि लोक म्हणणार, म्हातारा बेफिकीर होता, स्वतःच्याच हातानं मेला!"

"कोरीन, बस," मी म्हटलं. "बस पोरी, झालं ते झालं."

"नाही बसणार. मी त्यांच्या शेजारी बसून वाढले. काम संपलं की पहिलं नळकांडं. ते यंत्र उचलून उपडं करायचे, मी खाली डबा धरायची. एक दाणा राहिला तरी चालायचं नाही त्यांना. मग मी डबा फळीवर ठेवायची. ती माझी कामं. दांडा ओढायचा आणि डबा ठेवायचा. उपडं करणं त्यांचं. मला कधी करूच दिलं नाही, जड आहे म्हणायचे. दर वेळी ते उपडं करायचे आणि मी..."

ती थांबली.

तिचे हात हवेत होते, डबा धरल्यासारखे. तिनं आपल्या त्या हातांकडे बघितलं.

"मी गुरुवारी डबा फळीवर ठेवला," ती म्हणाली. "माझं काम मी केलं."

"पोलाद कच्चं होतं!" डेल ओरडला. तो धडपडत उठला, खुर्ची पडली. "ऐक माझं, पोरी, हा मला वाचवायला काहीतरी रचतोय. माझंच पोलाद होतं. शेरीफ, लिहून घे!"

"नको, डेल काका," ती अगदी हळू म्हणाली. "तुम्ही नका."

क्वेड या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता, त्याला अजून कळलेलं नव्हतं. आर्डिसला कळलं होतं. नवऱ्याच्या खोलीत तिला मज्जाव होता, पण कोण दांडा ओढायचं आणि कोण डबे लावायचं हे तिनंच मला सांगितलं होतं.

"आई," कोरीन म्हणाली. ती खुर्चीवर बसली आणि टेबलावरून तिनं आईकडे हात पुढे केला, रोज रात्री करायची तसा.

आर्डिसचा हात कपाशेजारीच होता. तो मागे गेला. तिनं मुद्दाम केलं नसावं. तव्याला बोट लागलं की हात जसा आपोआप मागे येतो तसा तो आला आणि टेबलाखाली तिच्या मांडीवर जाऊन बसला. तिथून तो वर यावा म्हणून ती झटत होती, हे मला दिसत होतं. तिचे ओठ हलत होते. हात वर आला नाही.

कोरीनचा हात टेबलावर तसाच राहिला. आम्ही इतकी माणसं तिथं होतो, आणि कुणालाही तो धरायचं सुचलं नाही.